दक्षिणवाऱ्यातला कोपरा

४ मे, सोमवार

टॉर्नबी हाउस बघून आले. इमारत आवडली. हे लिहिताना हात जड होतोय, कारण विमा कंपन्यांच्या इमारतींना नावं ठेवण्यावर आजवर माझं पोट भरलं आहे. पण आवडली. कटर स्ट्रीट बंदराच्या रस्त्याला मिळतो तिथे इतकी वर्षं मोटारी लावायचं मैदान होतं, तुटक्या जाळीचं आणि मुताच्या वासाचं. आता तिथे रुंद पायऱ्या आहेत आणि पायऱ्या चढून गेलं की गच्ची. कंपनीची नव्हे, सगळ्यांची. शाळेच्या पोरी तिथे चिप्स खात बसल्या होत्या. एक आजोबा बूट काढून पाय उन्हाला देऊन बसले होते. वेलिंग्टनमध्ये कुणी उघड्यावर बूट काढून बसतं म्हणजे वास्तुकाराला आणखी काय हवं?

वास्तुकार तामाती रेविती, माझाच विद्यार्थी. वर्गात कायम खिडकीबाहेर बघायचा. रागावलं की म्हणायचा, "बाई, खिडकी कशी बसवलीय ते बघतोय." गच्चीला त्याने उभ्या बारीक नळ्यांचा कठडा केलाय, काही उंच, काही बुटक्या, पाणवठ्यावरच्या लव्हाळ्यासारख्या. हात फिरवावासा वाटतो. मी फिरवला.

घरी पोचते तोच ब्रॉन्वेनचा फोन. माझी संपादिका. माझ्या निम्म्या वयाची आहे आणि दुप्पट घाईची.

"शुक्रवारी लेख देतेस ना कॉनी?"

"आज उत्तरेचा वारा होता."

"झालं! म्हणजे आता दक्षिणेचा यायची वाट बघत बसायचं."

नियम तिला पाठ आहे. दोन्ही वाऱ्यांत खाली उभं राहून पाहिल्याशिवाय मी इमारतीवर एक ओळ लिहीत नाही. उत्तरेच्या वाऱ्यात गोड वागणाऱ्या इमारती दक्षिणेच्या वाऱ्यात म्हाताऱ्यांना फुटपाथवरून खाली लोटताना मी पाहिल्या आहेत.

७ मे, गुरुवार

अजून उत्तरेचाच. पायऱ्यांच्या पायथ्याशी एक कॉफीची टपरी आहे, तिथे बसले. टपरीवाली मेले फिफिता, टोंगा बेटांवरची, चाळिशीची, खांद्याने दार उघडणारी बाई. चीज घातलेला स्कोन, तो खुसखुशीत गोल पाव, चांगला करते. मला बघून म्हणाली, "मावशी, तुम्हीच ना त्या? हॉस्पिटलसमोरचा बसथांबा हलवायला लावलात त्या?"

मी म्हटलं, मी फक्त लिहिलं होतं.

"आणि तो हलला. माझी आई पावसात उभी राहायची तिथे. कॉफीचे पैसे नकोत मला."

मी दिले. फुकट कॉफी प्यायलेल्या समीक्षकावर कुणी विश्वास ठेवत नाही. पण सुखावले, खोटं कशाला बोलू. लोकांना वाटतं आम्ही खांबांवर आणि कमानींवर लिहितो. मी बसथांब्यांवर लिहिते, बाकांवर, दारं बाहेर उघडतात की आत त्यावर.

मेलेला ही जागा पायऱ्या झाल्यामुळे मिळाली. आधी ती बाजाराच्या मागे उभी राहायची, तिथे कुत्रं फिरकत नसे. "आता कुठे जरा बरं चाललंय," म्हणाली.

१९ मे, मंगळवार

दक्षिणेचा वारा आला. सकाळी खिडक्या थडथडल्या, बंदरातली फेरीबोट रद्द. मी रॉसचा रेनकोट चढवून कोपऱ्यावर गेले. माझा फाटलाय म्हणून त्याचा.

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. सिग्नलवर हिरवा माणूस लागला, मी क्रॉसिंगवर उतरले. अर्ध्यात असताना मागून शिट्टी आली. दोन सूर, आधी खालचा, मग वरचा. मी गर्रकन वळले आणि मोठ्याने म्हटलं, "आले रे!"

मागे कुणी नव्हतं. बसवाल्याने हॉर्न दिला तेव्हा पाय हलले.

रॉस तशी शिट्टी वाजवायचा. आमचं घर टेकडीवर, फाटक खाली रस्त्यावर. सामान घेऊन आला की वरपर्यंत ओरडण्यापेक्षा तो फाटकाशी उभा राहून शिट्टी द्यायचा, मग मी एक पिशवी घ्यायला खाली जायची. सबंध संसारभर. गेल्या सप्टेंबरात तो गेला.

शहरात शिट्टी वाजवणारे पुष्कळ असतात.

२० मे, बुधवार

वारा टिकून आहे. पुन्हा गेले. ती इमारतच वाजते आहे! वाऱ्याचा झोत बंदरावरून येतो, गच्चीच्या कडेने घसरत जातो आणि नळ्या वाजतात. सगळ्या नाही, कुठल्या तरी दोनच. खालचा, मग वरचा. मी टपरीच्या आडोशाला उभी राहून नीट ऐकलं, चांगला सबंध सकाळभर.

दोष सापडला. मला इतका आनंद झाला की दोनदा कॉफी प्याले आणि घरी येताना फुलं घेतली. दोष सापडला की मला असं होतं.

२२ मे, शुक्रवार

ब्रॉन्वेनला सांगितलं की दक्षिणेचा वारा आला होता, पण मोठा नव्हता. एवढ्यावरून निवाडा देणं बरोबर नाही.

"कॉनी, फेरी रद्द झाली होती. माझ्या शेजाऱ्याचं छप्पर उडालं."

म्हटलं, छपराची बांधणी वाईट असेल.

३ जून, बुधवार

मधले सगळे दिवस उत्तरेच्या वाऱ्यात गेले. कंटाळवाणे. रोज सकाळी उठून आधी टेकडीवरची झाडं कुठे झुकलीत ते बघते. आज ती बंदराकडून आत झुकलेली दिसली आणि मी चहा तसाच टाकून निघाले.

मेले वाटच बघत होती. "मावशी, हे काय आहे हो? तुम्ही ऐकलंत का?"

"ऐकलं."

"माणसं रस्त्यात थांबतात. मधोमध! वळून बघतात. मागच्या दक्षिणवाऱ्यात एक बाई बाळाची गाडी घेऊन तशीच उभी राहिली, मी इथून ओरडले तेव्हा हलली. ते बूट काढून बसणारे आजोबा आता पलीकडच्या गल्लीने जातात. कुत्री तर इकडे पाऊलच टाकत नाहीत." मग आवाज खाली आणून, "आमच्याकडे अंधार पडल्यावर शिट्टी वाजवत नाहीत. कोण ओ देईल सांगता येत नाही."

"हे तर दिवसाढवळ्या वाजतंय."

"तेच तर वाईट." तिने कप पुसला, तोच कप परत पुसला. "सगळ्यांना वाटतं आपल्यालाच बोलावतंय. मलापण वाटतं. मी विचारलंय चार जणांना. कुणाला राग येत नाही, हे बघा. भोंग्याचा राग येतो, याचा येत नाही. तुम्ही लिहा ना. तुम्ही लिहिलं की ऐकतात."

लिहीन म्हटलं. तेवढ्यात शिट्टी वाजली, आणि मी बोलता बोलता थांबले, मेलेही थांबली. आम्ही दोघी वेगवेगळ्या दिशांना बघत होतो.

९ जून, मंगळवार

तामातीच्या कार्यालयात गेले. बिचारा आधीच खंगलाय. त्याला तक्रारी पोचल्या आहेत.

त्याने मॉडेल दाखवलं, वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासलेलं. माणूस ढकलला जातो का, दार उघडतं का, सगळं तपासलं होतं आणि सगळं उत्तम होतं. मी वाकून मॉडेलच्या कठड्यावर फुंकर मारली. काहीच नाही. मग मला दिसलं. मॉडेलमधल्या नळ्या नळ्या नव्हत्याच, भरीव तारा होत्या! एवढ्या बारीक मापात पोकळ नळी करणार कशी? खऱ्या कठड्यात मात्र प्रत्येक नळीला वरच्या टोकाशी एक भोक आहे, आतलं पाणी सुकावं म्हणून.

"सगळं तपासलं बाई," तामाती म्हणाला, "आणि बासरीच्या जागी काडी ठेवून तपासलं."

मी विचारलं, उपाय काय. रबरी बुचं, म्हणाला. एका सकाळचं काम.

"मग लाव ना!"

"इमारत आता कंपनीची आहे, माझी नाही. ते म्हणतात तक्रारी किरकोळ आहेत. आधी चौकशी समिती, मग अहवाल, मग दुसरा अहवाल. पुढचा हिवाळा उजाडेल. पेपरात आलं तर मात्र त्याच आठवड्यात करतील, तिथल्याच एकाने मला खासगीत सांगितलं." मग माझ्याकडे न बघता, "माझं नाव घालून लिहा. चूक माझी आहे. पण लिहा. कुणीतरी गाडीखाली येईल."

मी म्हटलं, माझा अभ्यास अजून संपलेला नाही.

तो वर्गात बघायचा तसा खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटतं त्याला माझा राग आला. येऊ दे. घाईघाईने लिहिलेल्या परीक्षणाने वास्तुकाराचं आयुष्य उद्ध्वस्त होतं, हे त्याला अजून कळलेलं नाही. मी त्याच्याच भल्यासाठी थांबले आहे.

१७ जून, बुधवार

मोठा दक्षिणवारा, खारे तुषार थेट कटर स्ट्रीटपर्यंत. दिवसभर तिथे होते.

एक प्रयोग केला. गच्चीवर कुणी नव्हतं, अशा हवेत कोण असणार. वाऱ्याकडे पाठ करून मी शिट्टी दिली, तशीच, खालचा सूर आणि वरचा. वारा पडला. मी खरंच सांगते, पडला, माझ्या कोटाचं टोक खाली आलं. मग झोत आला आणि दोन सूर आले.

मी परत दिली. परत वारा थांबला, परत सूर आले. किती वेळ हे चाललं कोण जाणे. एकदा तर मी वाजवायच्या आधीच उत्तर आलं. अंगावर काटा आला, तरी मी हसत होते. ओठ गारठून बधिर झाले तेव्हा थांबले.

झोतांमध्ये ठरावीक अंतर असतं, त्यामुळे असा भास होऊ शकतो. याची नोंद ठेवायला हवी.

संध्याकाळी मटण शिजवलं, त्याला आवडायचं तसं. जेवायला बसल्यावर बघते तर ताटं दोन मांडली होती. सवय.

२६ जून, शुक्रवार

ब्रॉन्वेन स्वतः घरी आली. टेकडी चढून, धापा टाकत. असं ती कधी करत नाही.

"सात आठवडे झाले, कॉनी. मला वाचकांची पत्रं येतायत. 'तुमच्या कॉनी पॅस्को गप्प का?' अशी. कंपनीने तोंड बंद केलं का, असंही विचारतात लोक."

"माझं? कंपनीने?"

"मला माहीत आहे गं. पण मग काय आहे? नसेल जमत तर मी डेस्कवरच्या कुणाला तरी लिहायला सांगते. दोनशे शब्दांची बातमी. कठडा वाजतो, लोकांना त्रास होतो, बुचं लावा."

"तो कोपरा माझा आहे," मी म्हटलं.

स्वतःचा आवाज ऐकून मीच दचकले. ब्रॉन्वेनने कप खाली ठेवला. खोलीत इकडेतिकडे बघितलं. रॉसचे बूट मी दारात काढून ठेवलेत, वाळायला. पावसाने भिजले नव्हते, पण कपाटात राहून कोंदट वास येत होता.

"तू बरी आहेस ना?" तिने विचारलं.

म्हटलं, पुढच्या वाऱ्यापर्यंत थांब. एकच वारा. मग देते. तिने मान हलवली, पण जाताना मला मिठी मारली, आणि ब्रॉन्वेन मिठी मारणाऱ्यांतली नाही.

२ जुलै, गुरुवार

मेलेला गाडीने उडवलं.

जिवंत आहे. आधी ते लिहिते. जिवंत आहे.

दक्षिणेचा वारा होता. ती पलीकडच्या दुकानात कॉफी पोचवायला ट्रे घेऊन निघाली. मीही तिच्या मागे क्रॉसिंगवर उतरले. शिट्टी झाली. आम्ही थांबलो. मी मागे वळले, गच्चीकडे बघू लागले. मागून ब्रेकचा आवाज आला, आणि मी वळले नाही. मला वाटलं पुन्हा वाजेल. मग कप फुटले.

मी धावले. ती रस्त्यावर पडली होती, पाय भलत्याच दिशेला, अंगभर कॉफी. व्हॅनचा ड्रायव्हर फुटपाथवर बसून रडत होता, "ती मधेच थांबली हो, मधेच थांबली." मी तिच्याजवळ गुडघे टेकले. तिचा हात धरला. अँब्युलन्स येतेय, मेले, हलू नकोस, असं काहीतरी बोलत होते.

तेवढ्यात पुन्हा शिट्टी झाली.

मी वर बघितलं. तिचा हात हातात असताना मी वर बघितलं. आणि मला, देवा, मला बरं वाटलं.

"मावशी," मेले खालून म्हणाली. "मावशी, मी इथे आहे."

३ जुलै, शुक्रवार

हॉस्पिटल. मांडीचं हाड मोडलंय, ऑपरेशन झालं. गुंगीत होती, पण ओळखलं.

मी बिस्किटं नेली होती. ती बाजूला ठेवून म्हणाली, "काल तुम्ही कुणाला शोधत होतात?"

मी सांगितलं. फाटकाचं, सामानाच्या पिशव्यांचं, सगळं. रॉस गेल्यापासून हे मी कुणाजवळही बोलले नव्हते. बोलता बोलता मला ऐकू आलं मी काय सांगते आहे ते. मेपासून मला ठाऊक होतं की त्या नळ्याच वाजतात, जूनपासून हेही की कशाने थांबतात. तामातीने विनवलं, हिने विनवलं. मी नियमाच्या आड लपून बसले, कारण बुचं लागली असती तर तो पुन्हा गेला असता. एवढंच होतं. अभ्यासबिभ्यास काही नव्हता.

मी म्हटलं, "मेले, हे माझ्यामुळे झालं."

तिने पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, "हो, थोडं झालं." तिने मला दोषातून सोडवलं नाही आणि मला ते योग्य वाटलं. "मीपण शोधतच होते. म्हणून तर थांबले. कुणाला ते नाही सांगत." नर्सने येऊन सलाइन बघितलं. ती गेल्यावर मेले म्हणाली, "मला बरं होऊन त्याच कोपऱ्यावर उभं राहायचंय, मावशी. दुसरा कोपरा मला कोण देणार? बाजाराच्या मागे परत नाही जायचं मला. लिहा आता."

४ जुलै, शनिवार

लिहिलं. सकाळी बसले, दुपारच्या आत संपलं. इमारत चांगली आहे, हे पहिल्याच वाक्यात. या शहराला इतक्या वर्षांत कुणी न दिलेल्या बसायच्या पायऱ्या तिने दिल्या आहेत, त्या वाचवायच्या असतील तर तिचं तोंड बंद करा. पोकळ नळ्या, भरीव तारा, रबरी बुचं. एक बाई हॉस्पिटलात आहे. वास्तुकाराने चूक मान्य केली आहे, मालकाने अजून नाही. आणि शेवटी, या परीक्षणाला उशीर झाला, तो उशीर माझा आहे.

ब्रॉन्वेनने एक शब्दही कापला नाही. फक्त लिहून पाठवलं, "तू जेवलीस का?"

आज वारा नाही. रेनकोट कपाटात ठेवला, परत काढला, परत ठेवला.

८ जुलै, बुधवार

कंपनी हलली. लेख सोमवारी आला आणि मंगळवारी त्यांचा माणूस तामातीकडे, बुचं कधी लावता म्हणून. पत्रांचा ढीग. निम्म्या लोकांनी आभार मानलेत. बाकीची पत्रं मला नीट वाचवली नाहीत. एका बाईने विचारलंय, आधी एक दिवस सांगाल का, मला शेवटचं जाऊन यायचं आहे.

ते पत्र कुणाला दाखवलं नाही.

१६ जुलै, गुरुवार

तामातीने बोलावलं. "वारा आहे बाई. वाजताना बुचं लावली तर कुठलं चुकतंय का ते लगेच कळेल. याल का?" न जाण्याची कारणं शोधत मी बूट घातले.

गच्चीवर दोन कामगार होते, खिशात काळी रबरी बुचं, न्हाणीघरातल्या मोरीला असतात तसली. एकेक नळीला दाबून पुढे सरकत होते. वाजणाऱ्या दोन नळ्या पार कोपऱ्यात, बरोबर क्रॉसिंगच्या वर. तामातीने त्या शेवटाला ठेवल्या होत्या. मुद्दाम का, विचारलं नाही. लेख त्याने वाचलाच होता. बाकीचं मेलेने सांगितलं असावं, तो तिला भेटायला जातो.

खालच्या सुराच्या नळीला बूच त्याने स्वतः लावलं. मग दुसरं माझ्या हातावर ठेवलं आणि कामगारांना घेऊन पायऱ्यांकडे गेला.

आता एकच सूर उरला होता, वरचा. मी भोकावर बोट ठेवलं. थांबला. बोट काढलं, आला. पुन्हा ठेवलं. तो माझ्या बोटाखाली थरथरत होता, मनगटाजवळ नाडी लागते तसा. मी म्हटलं, "रॉस." मूर्खासारखं, एका नळीला. बोट काढलं आणि तो आला, लांबलचक, वर चढत गेलेला, आधी कधी इतका लांब वाजला नव्हता. तेव्हा मी पहिल्यांदा खाली बघितलं.

इतके दिवस मी त्यांच्यातच उभी असायची. वरून कधी पाहिलंच नव्हतं.

क्रॉसिंगवरची सगळी माणसं थांबली होती. कोट घातलेला एक पुरुष, दोन पोरी, हातात फळांची पिशवी घेतलेली बाई, एक म्हातारं जोडपं. सगळी मागे वळून वर बघत होती, माझ्या दिशेला, पण मला बघत नव्हती. एकाच्याही चेहऱ्यावर त्रासाची रेघ नव्हती. सगळे चेहरे उघडे होते, दार उघडून उंबऱ्यात आलेल्या माणसासारखे. म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली होती. फळांच्या पिशवीवालीचे ओठ हलत होते. तिने काय म्हटलं ते मला वरून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मला माहीत होतं. "आले रे" म्हणत होती.

आणि फुटपाथच्या कडेला कुबड्यांवर मेले. भावाने आणली होती तिला, बुचं लागताना बघायची म्हणून. तीही बघत होती, त्या सगळ्यांसारखीच. एक कुबडी तिने रस्त्यावर टेकवली होती. मग दुसरी.

पलीकडून बस येत होती.

मी बूच लावलं. अंगठ्याने दाबलं, मग तळहाताने. ते आत गेलं.

खाली कुणी लगेच हललं नाही. वारा तसाच होता, कोट फडफडत होते, आवाज मात्र नव्हता. ती सगळी अजून वर बघत होती, पुन्हा वाजेल म्हणून, आणि मी तळहात नळीवर तसाच दाबून धरला होता. मग आधी पोरींची मान खाली झाली, मग पुरुषाची. म्हाताऱ्याने टोपी घातली आणि बायकोला कोपराने धरून पुढे नेलं. मेलेच्या भावाने तिला मागे ओढलं. बस थांबली, दारं उघडली, माणसं उतरली आणि तडक आपापल्या वाटेला लागली.

फळांच्या पिशवीवाली तेवढी उशिरापर्यंत रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ती आता वर बघत नव्हती, सरळ माझ्याकडे बघत होती. मी नळीवरून हात काढला नाही. शेवटी तीही गेली.

तामातीने येऊन विचारलं, "झालं का, बाई?"

मी म्हटलं, झालं.